गव्हाचं सेटिंग मक्याला चालत नाही: कंबाइन मक्यासाठी कशी लावायची

पहिल्या हंगामात मी कंबाइनला मक्याचं हेडर (पीक आत ओढणारा पुढचा भाग) जोडलं, ड्रमचा (दाणे सोडवणाऱ्या फिरत्या दंडगोलाचा) वेग अंदाजाने थोडा उतरवला आणि शेतात घुसलो. बाकी सगळं गव्हाचंच होतं. तासाभरात टाकीत दाण्यांपेक्षा पिवळा चुराच जास्त दिसायला लागला. पुढचे दोन दिवस केबिनमध्ये बसून वेग कमी कर, पंखा वाढव असं करत राहिलो. टाकीतला माल सुधारला आणि मला वाटलं, जमलं! तिसऱ्या दिवशी डिझेल संपलं म्हणून काढलेल्या ओळींमधून चालत परत येत होतो, तर दर आठ-दहा पावलांवर एक अख्खं कणीस पडलेलं. कंबाइनच्या पोटात ते गेलंच नव्हतं. टाकी दिसते म्हणून आपण टाकीकडे बघतो, पण मक्यात सगळ्यात मोठं नुकसान बहुतेक वेळा हेडरवरच होतं. ते केबिनमधून दिसत नाही.

म्हणून खालचा क्रम पुढून मागे जातो. पुढचं बिघडलेलं मागे दुरुस्त होत नाही.

जवळ काय ठेवायचं

मशीनचं मॅन्युअल (मक्याचा तक्ता असलेल्या पानावर खूण करून), ओलावा मोजायचं मीटर, मोजपट्टी आणि व्हर्नियर कॅलिपर, पान्यांचा संच, ग्रीस गन, एक चौरस मीटरची चौकट (चार मीटर दोरीची गाठ मारलेली चालते), छोटी वही, जाड हातमोजे, अग्निशामक. कॉम्प्रेसर किंवा हवेचा ब्लोअर असला तर फारच उत्तम.

१. मशीनच्या आधी कणीस बघा

दाण्याच्या टोकाला, जिथे तो बुरकुंडाला (कणसाच्या मधल्या दांड्याला) चिकटलेला असतो तिथे, नखाने खरवडलं की काळा ठिपका दिसतो. तो दिसला म्हणजे दाणा पक्व झाला. बरेच जण इथेच फसतात. ठिपका दिसतो तेव्हा दाण्यात अजून ३० ते ३५ टक्के ओलावा असतो. अशा वेळी मशीन घातली की दाणा दबतो, चिरतो, बुरकुंडाला चिकटून राहतो.

ड्रायरची सोय असेल तर २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान काढणी सुरू करणं सोयीचं. ड्रायर नसेल तर आणखी वाळू द्यावं लागतं. पण १५ टक्क्यांच्याही खाली गेलं की ताटं मोडतात, कणसं नुसत्या धक्क्याने गळतात आणि हेडरवरच दाणे उडतात. साठवणीसाठी १४ टक्के किंवा त्याहून कमी ओलावा लागतो. त्यामुळे मीटरचा आकडा बघून काढणी आणि वाळवण दोन्हीचा एकत्र विचार करा. शेताच्या एकाच कोपऱ्यातलं कणीस मोजून उपयोग नाही. चार-पाच ठिकाणची कणसं घ्या.

याच फेरीत आणखी दोन गोष्टी पाहून घ्या. ओळींमधलं अंतर मोजा, आणि दहा कणसं हाताने सोलून बुरकुंडाची जाडी व्हर्नियरने मोजा. हा दुसरा आकडा वहीत लिहा, पुढे पाचव्या पायरीत लागणार आहे.

२. गव्हाचे भाग काढा, मक्याचे बसवा

हे शेतात जाण्याआधी, सपाट जागेवर, निवांत करायचं काम आहे.

कॉनकेव्ह म्हणजे ड्रमखालची वाकडी जाळी. गव्हाच्या कॉनकेव्हच्या तारा जवळजवळ असतात. मक्याला मोठ्या फटींचा लागतो, नाहीतर सुटलेला दाणा खाली पडायला जागाच मिळत नाही आणि तो ड्रमखाली पुन्हा पुन्हा भरडला जातो. गव्हासाठी कॉनकेव्हवर झाकणपट्ट्या लावल्या असतील तर त्याही आठवणीने काढा.

ड्रम उघडा असेल, म्हणजे दोन रास्प बारच्या (ड्रमवरच्या खाचदार पट्ट्यांच्या) मधून आतली पोकळी दिसत असेल, तर तिथे फिलर प्लेट (पोकळी झाकणारा पत्रा) बसवा. नाहीतर कणसं आणि बुरकुंडं आत शिरतात, ड्रमचा तोल जातो आणि मशीन थरथरायला लागते. मी एकदा ही थरथर बेअरिंगची समजून बेअरिंगच बदलून बसलो होतो.

फीडर हाऊसचा (हेडरकडून माल ड्रमपर्यंत नेणाऱ्या भागाचा) पुढचा रोल बऱ्याच मशीनमध्ये दोन उंचीवर बसतो, धान्यासाठी खाली आणि मक्यासाठी वर. तो वर घ्या. खालीच राहिला तर कणसं फीडरच्या तोंडाशी गोळा होतात, थोडी थोडी न जाता एकदम ढीग आत जातो आणि ड्रमचा ‘धप्प’ असा आवाज येतो. मागे स्ट्रॉ चॉपर (मागून पडणारा पालापाचोळा बारीक करणारं यंत्र) असेल तर मॅन्युअलप्रमाणे त्याचा वेग उतरवा आणि स्थिर सुऱ्या मागे घ्या, किंवा चॉपर बाजूलाच करा. बुरकुंडं त्या सुऱ्यांचा पार निकाल लावतात.

३. हेडर: इथे घाई करू नका

हेडरच्या ओळी आणि पेरणीच्या ओळी यांचं अंतर जुळलंच पाहिजे. ओळींच्या बंधनाशिवाय चालणारं हेडर असेल तर गोष्ट वेगळी. साधं ७५ सेंटीमीटरचं हेडर ६० सेंटीमीटरच्या ओळीत घातलं की कडेची ताटं वाकून आत येतात आणि कणसं बाहेर उडतात. दुसरा सापळा जरा लपलेला आहे. पेरणी सहा ओळींच्या यंत्राने झाली असेल आणि हेडर चार ओळींचं असेल, तर पेरणीच्या दोन फेऱ्यांमधली जोड-ओळ कधीतरी हेडरच्या मधोमध येते. त्या जोडावरच्या दोन ओळींमधलं अंतर क्वचितच नेमकं असतं. शक्यतो पेरणीयंत्राच्या ओळींना हेडरच्या ओळींनी पूर्ण भाग जाईल असं जुळवा, आणि पेरणीच्या फेऱ्यांप्रमाणेच काढणीच्या फेऱ्या धरा.

आता डेक प्लेट. ताट खाली खेचणाऱ्या दोन रोलच्या वर या दोन पट्ट्या असतात. ताट त्यांच्या फटीतून खाली जातं आणि कणीस वर अडकून तुटतं. फट फार रुंद असेल तर कणसाचा बुडखा रोलला लागतो आणि तिथले दाणे जमिनीवर सांडतात. फार अरुंद असेल तर ताटंच मोडतात, पाला आणि ताटांचे तुकडे मशीनमध्ये जातात आणि मागे चाळण्यांवर भार पडतो. सुरुवात पुढे साधारण ३२ मिलिमीटर आणि मागे ३५ मिलिमीटर अशी करा. मागची बाजू पुढच्यापेक्षा तीनेक मिलिमीटर रुंद हवी, म्हणजे ताट पुढे सरकताना पाचरीसारखं अडकत नाही. मग शेतातलं ताट आणि कणसाचा बुडखा बघून कमी-जास्त करा. बारीक कणसांच्या शेतात फट कमी लागते.

केबिनमधून हायड्रॉलिकवर हलणाऱ्या डेक प्लेट असल्या तरी खाली उतरून प्रत्येक ओळ मोजपट्टीने मोजा. माझ्या हेडरची तिसरी ओळ मागच्या हंगामातल्या चिकट रसाने आणि गंजाने जाम होती. बटण दाबलं की बाकीच्या सरकायच्या, ही जागची हलायची नाही, आणि केबिनमधला काटा मात्र सगळं ठीक दाखवायचा. शेतात दर चौथी ओळ पिवळ्या दाण्यांनी सडा घातल्यासारखी दिसत होती, तेव्हा कुठे ते ध्यानात आलं.

रोलवरच्या सुऱ्यांच्या धारा बोथट झाल्या असतील तर ताट खेचलं न जाता फिरत राहतं. रोलशेजारच्या तण कापणाऱ्या पट्ट्या रोलच्या अगदी जवळ, पण घासणार नाहीत अशा हव्यात. गॅदरिंग चेन (ताटं आत ओढणाऱ्या साखळ्या) फार ताणू नका. प्रत्येक ओळीचा स्लिप क्लच (ओळ अडकली की निसटणारा क्लच) वेगळा असतो. ‘कट-कट-कट’ असा आवाज आला तर ती ओळ अडकली आहे. आवाज कुठून येतो ते ऐकायला शिका.

हेडरच्या नाकाजवळचे रबरी पडदे तुटलेत म्हणून दुर्लक्ष करू नका. उतारावर घरंगळणारी कणसं तेच थांबवतात.

उंचीबद्दल एवढंच, की नाकं कणसांच्या खालून जायला हवीत. पीक उभं असताना हेडर जमिनीला घासत नेण्यात काही मिळत नाही, उलट दगड-माती आत येते.

४. चालायचा वेग

मोजायची सोपी पद्धत: शेतात २० मीटर अंतर खुणा करून घ्या. ते पार करायला १५ सेकंद लागले तर वेग ताशी ४.८ किलोमीटर. (मीटरला ३.६ ने गुणा, सेकंदांनी भागा.) साडेचार ते साडेसहा किलोमीटरच्या दरम्यान बहुतेक उभा मका नीट निघतो. नव्या माणसाने खालच्या टोकापासून सुरू करावं.

पण आकड्यापेक्षा डोळा महत्त्वाचा. मशीन चालत असताना एका ओळीकडे बघा. ताट सरळ उभं राहून खाली गेलं पाहिजे. ते पुढे झुकत असेल तर तुम्ही गॅदरिंग चेनपेक्षा जोरात चालला आहात आणि हेडर पिकाला ढकलतंय. ताट मशीनकडे ओढलं जात असेल तर चेन फार जोरात आहे. कणीस रोलच्या अगदी तोंडाशी तुटत असेल तर रोल फार जोरात फिरतायत, आणि तिथून ते पुढे उडून जमिनीवर पडायला वेळ लागत नाही. अगदी मागे पोचेपर्यंत तुटत नसेल तर रोल कमी पडतायत.

एक चूक जवळजवळ सगळेच करतात. मशीनवर ताण आला की थ्रॉटल कमी करतात. असं करू नका. इंजिनाचा वेग उतरला की ड्रम, पंखा, चाळण्या, एलिव्हेटर (दाणे वर नेणारी साखळी) सगळंच मंदावतं आणि तुमची सगळी जुळवाजुळव बिघडते. मळणी चालू असताना थ्रॉटल पूर्ण ठेवा. हळू चालायचं असेल तर गिअर किंवा हायड्रोस्टॅटने (चालण्याचा वेग बदलणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेने) हळू चाला.

५. ड्रम आणि कॉनकेव्ह

मक्याचा दाणा गव्हासारखा झोडपून काढायचा नसतो, चोळून सोडवायचा असतो. ड्रमच्या कडेचा वेग सेकंदाला १३ ते १५ मीटर पुरे होतो, म्हणजे गव्हाच्या साधारण निम्मा. फेऱ्यांचा आकडा ड्रमच्या व्यासावर ठरतो. ६० सेंटीमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला ४५० फेऱ्यांवर सेकंदाला १४ मीटर देतो. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या ड्रमला तेवढ्यासाठी ६०० फेऱ्या लागतात. म्हणून दुसऱ्याच्या मशीनचा आकडा ऐकून आपल्या मशीनला लावू नका. रोटरवाल्या (आडव्या ड्रमऐवजी लांब रोटर असलेल्या) मशीनचे आकडे तर आणखी वेगळे असतात, ते मॅन्युअलमधूनच घ्या.

कॉनकेव्हची फट पुढे ३० मिलिमीटर आणि मागे २० मिलिमीटरच्या आसपास ठेवून सुरुवात करा. आता वहीतला तो बुरकुंडाच्या जाडीचा आकडा काढा. मागची फट त्यापेक्षा थोडी कमी हवी, म्हणजे बुरकुंड दाबलं जातं पण फुटत नाही. फट मोजताना डावी आणि उजवी, दोन्ही बाजू मोजा. एका बाजूला चार-पाच मिलिमीटर फरक असला की अर्धा ड्रम दाणे फोडतो आणि अर्धा तसेच सोडून देतो, आणि माणूस दिवसभर वेगच कमी-जास्त करत बसतो.

सगळं बरोबर असेल तर मागून बुरकुंडं अख्खी किंवा दोन तुकड्यांत पडतात. एक हातात घ्या, अंगठा फिरवा. दाण्यांचे खळगे रिकामे, कडा शाबूत, टोकाला फार तर एखाद-दुसरा किडका दाणा. बुरकुंडाचे उभे चार तुकडे झाले असतील तर फट फार कमी आहे. असले तुकडे चाळणीत अडकतात, टाकीत येतात आणि दाणे पण फोडतात.

बदल करताना एका वेळी एकच करा, आणि आधी कॉनकेव्हची फट, मग वेग. दाणे तुटत असतील तर मात्र उलट: आधी वेग उतरवा. टाकीतून मूठभर दाणे घेऊन १०० मोजा आणि त्यात तुटलेले-चिरलेले किती ते बघा. दोन-तीनच्या वर गेले की थांबून विचार करा. दाणा ड्रमनेच तोडला असेल असंही नाही. एलिव्हेटरची सैल चेन, झिजलेला ऑगर (दाणे सरकवणारा स्क्रू), टाकीत अर्धवट भरून फिरणारा रिकामा करायचा ऑगर, हेही दाणे चिरडतात. ड्रमखालचा माल आणि टाकीतला माल वेगवेगळा बघितला की चोर सापडतो.

६. पंखा आणि चाळण्या

मक्याचा दाणा जड असतो, त्यामुळे वारा भरपूर द्यायला घाबरू नका. उडून जाईल या भीतीने पंखा कमी ठेवला की पाला आणि बुरकुंडाचे तुकडे चाळणीवर बसतात आणि त्यावरून दाणे घसरत मागे जातात. वरची चाळणी १३ ते १६ मिलिमीटर उघडी, खालची १० ते १३. पंखा वरच्या टप्प्यात ठेवा आणि मागे खरंच दाणे उडताना दिसले तरच उतरवा.

परतीच्या एलिव्हेटरमधून, म्हणजे टेलिंग्जमधून, काय येतंय ते दिवसातून एकदा तरी उघडून बघा. तिथे थोडासाच माल हवा. सुटे, स्वच्छ दाणे भरभरून येत असतील तर खालची चाळणी फार बंद आहे, आणि तेच दाणे पुन्हा ड्रममध्ये जाऊन फुटतायत.

७. पन्नास मीटर चला, थांबा, उतरा

आता मोजणी. उभ्या पिकात पूर्ण वेगाने पन्नासेक मीटर चला, थांबा, आणि पाच-सहा मीटर मागे घ्या. मशीन पूर्ण बंद करून, किल्ली खिशात घालून उतरा. तीन ठिकाणी बघायचं आहे.

पहिलं, पुढच्या उभ्या पिकात आधीच पडलेली कणसं. ती मशीनची चूक नाही, ती वजा करायची. दुसरं, हेडर ज्याच्यावरून गेलं पण मागचा भुसा जिथे अजून पडलेला नाही तो पट्टा. इथले दाणे आणि कणसं हेडरच्या खात्यावर. तिसरं, मशीनच्या मागे. तिथून आधीचे दोन वजा केले की ड्रम आणि चाळण्यांचं नुकसान उरतं.

चौकट टाका, दाणे मोजा. हजार दाण्यांचं वजन ३०० ग्रॅम धरलं, तर एका चौरस मीटरमध्ये २० दाणे म्हणजे हेक्टरी सुमारे ६० किलो, एकरी २४ किलो. कणसांसाठी मोठा पट्टा घ्या. ४० चौरस मीटरमध्ये १५० ग्रॅम दाण्यांचं एक कणीस सापडलं तर एकरी साधारण १५ किलो जमिनीवर राहिलं. मागे मोजताना एक खबरदारी: भुसा न पसरता एका पट्ट्यात पडत असेल, तर तीन मीटरच्या हेडरचा माल एक मीटरमध्ये गोळा झालेला असतो. आधीचे दोन वजा करून उरलेल्या आकड्याला तीनने भागा, नाहीतर उगीच घाबराल.

मागच्या बुरकुंडांवर चिकटून गेलेले दाणेही धरा. ते मोजायला लोक विसरतात.

८. काय दिसतं आणि कुठे हात घालायचा

बुरकुंडांवर दाणे राहतायत: कॉनकेव्हची फट थोडी कमी करा, तेवढ्याने भागलं नाही तर वेग थोडा वाढवा. ओलावा फार असेल तर दोन्हीपैकी काही न करता दोन दिवस थांबा.

टाकीत पाला आणि लाल कोंडा: आधी पंखा, मग खालची चाळणी. तरीही हटत नसेल तर हेडरकडे जा. डेक प्लेट फार अरुंद असतील आणि ताटंच आत येत असतील.

मागे सुटे दाणे: वरची चाळणी उघडा, चालण्याचा वेग कमी करा.

फक्त एकाच ओळीखाली दाण्यांचा सडा: त्या ओळीची डेक प्लेट.

९. पडलेला मका

ताटं ज्या दिशेला लोळली असतील त्याच्या उलट दिशेने हेडर घाला, म्हणजे नाकं ताटांच्या खाली शिरतात. नाकं जमिनीला टेकतील इतकी खाली, वेग निम्मा, आणि नाकाजवळचे रबरी पडदे इथे काढून टाका, कारण ते लोळलेली ताटं अडवतात. एकाच दिशेने काढून रिकामं परत यावं लागलं तरी चालेल. चालताना नजर सतत समोर ठेवा. मातीचा गोळा किंवा दगड आत जाण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त. दगडाचा सापळा (आत आलेले दगड अडवणारा कप्पा) रोज रिकामा करा.

१०. अडकलं तर, आणि आग

हेडरमध्ये ताट अडकलं की हात आपोआप तिकडे जातो. रोल ताट ज्या वेगाने खाली खेचतात, त्या वेगात धरलेलं ताट सोडून द्यायला माणसाला वेळच मिळत नाही. त्यामुळे हेडर बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, फिरणारे भाग पूर्ण थांबले की मगच उतरायचं. हेडर उचलून खाली वाकायचं असेल तर सिलिंडरवरचा सेफ्टी लॉक लावा. निव्वळ हायड्रॉलिकच्या भरवशावर त्याच्याखाली जाऊ नका. दुसरा माणूस सोबत असेल तर किल्ली त्याच्याकडे नको, आत हात घालणाऱ्याच्याच खिशात हवी.

मक्याचा वाळलेला पाला कागदासारखा पेट घेतो. इंजिन, सायलेन्सर आणि रेडिएटरच्या जाळीवरचा पाला दिवसातून किमान दोनदा उडवा. जळका वास आला की आधी पीक सोडून मोकळ्या जागेकडे चला. गरम झालेलं बेअरिंग हात जवळ नेल्यावर कळतं. दुपारच्या विसाव्यात मशीनभोवती एक चक्कर मारली की पुरे.

आणि संध्याकाळी

सकाळी लावलेलं सेटिंग दुपारी तसंच चालेल असं नाही. सकाळी पाला दमट असतो, चिवट असतो. दुपारी तोच कुरकुरीत होतो, बुरकुंड सहज फुटतं आणि ड्रमचा सकाळचा वेग दुपारी जास्त ठरतो. मी वहीत चार रकाने करतो: वेळ, ओलावा, ड्रमच्या फेऱ्या, शंभरात तुटलेले दाणे. जेवणानंतर एकदा आणि चारच्या सुमाराला एकदा मूठभर दाणे मोजायचे. वेगात वीस-तीस फेऱ्यांचा फरक पुरतो. नव्या शेतात गेलं की वहीतल्या त्याच ओलाव्याच्या ओळीपासून सुरू करायचं, पहिल्या पन्नास मीटरला उतरायचं आणि चौकट टाकायची.